दुर्वा कुणी तोडली

आमच्या घरी दर गणपतीला एक गोष्ट सांगितली जाते. आरती आटोपते, मोदकांची ताटे फिरू लागतात आणि माझा मुलगा नव्याने आलेल्या पाहुण्यांना सांगतो की त्याच्या आईने, म्हणजे माझ्या पत्नीने, इथल्या एका राखीव गवताळ रानातून देवासाठी दुर्वा चोरली आणि ती रंगेहाथ पकडली गेली. पाहुणे हसतात. सून भर घालते, "आणि बाबा बिचारे सांगत होते, नको तोडूस, नको तोडूस." पुन्हा हसू. माझ्या पत्नीला जाऊन दोन वर्षे झाली. तिच्या तसबिरीला हार घातलेला असतो आणि त्या तसबिरीखालीच ही गोष्ट रंगते. सांगणाऱ्यांच्या मनात तिच्याविषयी मायाच असते, हे मी मान्य करतो. पण गोष्ट खोटी आहे. तिने दुर्वा तोडली नाही. ती मी तोडली. हे मी घरात तीन वेळा सांगितले आणि तिन्ही वेळा कुणी मानले नाही. म्हणून आता लिहून ठेवतो.

त्याआधी आणखी एका भाकडकथेचा निकाल लावला पाहिजे. मेलबर्नच्या कडेला टार्निट या आमच्या उपनगरात ज्येष्ठांचा एक गट महिन्यातून एकदा जमतो. त्यातले एक निवृत्त बँक मॅनेजर मला चारचौघांत "आमचे वनाधिकारी" म्हणतात आणि सांगतात की मी माझ्या पत्नीला सगळ्या मेलबर्नची हिरवाई हिंडवून दाखवली. या गृहस्थांचे बँकेतले हिशेबही इतकेच पक्के असतील तर त्यांच्या खातेदारांची मला काळजी वाटते. मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षे काढली. झाड म्हणजे धरणाच्या भिंतीतून उपटून काढायची वस्तू, एवढीच माझी झाडांशी ओळख. हिंडवले ते तिने मला.

आम्ही मुलाकडे कायमचे राहायला आलो तेव्हा टार्निट म्हणजे एकसारख्या घरांच्या रांगा आणि प्रत्येक दारापुढे काठीला बांधलेले एकेक रोपटे. मी पहिले दोन महिने घरात बसून या देशाला नावे ठेवली. ती मात्र बसच्या थांब्यावर, वाचनालयात, शेजारच्या पंजाबी आजींकडे चौकशी करत राहिली आणि एका मंगळवारी संध्याकाळी म्हणाली, "अहो, उद्या ट्रेनने शहरात जाऊ. तिथे एक बाग आहे म्हणे, आत शिरलं की गाड्यांचा आवाज येत नाही." दर बुधवारचा आमचा परिपाठ सुरू झाला तो असा. तिच्या पिशवीत थालीपिठे आणि चहाचा थर्मास, माझ्या हातात नकाशा.

त्या बुधवारांचा तपशील माझ्याइतका कुणालाच ठाऊक नाही. मुलगा म्हणतो, "आम्ही तुम्हाला सगळीकडे फिरवलं." त्याने आम्हाला दोनदा समुद्रावर नेले आणि दोन्ही वेळा तो गाडीत बसून ऑफिसच्या फोनवर बोलत होता. बाकी सारे आम्ही आमच्या पायांनी पाहिले. शहराच्या पोटातल्या बागांमधले एल्म आणि ओक पाहिले. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी विलायतेहून आलेल्या माणसांनी आपल्या गावाची आठवण म्हणून लावलेली ती झाडे, दुतर्फा उभी, मध्ये वाळूची वाट. तिने एका एल्मच्या खोडावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "यांनी येताना आपापली झाडं आणली. मी नुसतं तुळशीचं बी आणलं, तेही विमानतळावर काढून घेतलं." नदीकाठच्या रानात हजारो वटवाघळे दिवसाढवळ्या फांद्यांना लटकलेली पाहिली. ती मोजायला बसली आणि चारशेच्या पुढे कंटाळली. पूर्वेकडच्या डोंगरात छत्रीएवढ्या पानांची नेची पाहिली. तिथे दगडी पायऱ्यांची मोठी चढण होती. ती माझ्या पुढे चढली आणि वरून म्हणाली, "या सावकाश. धरण काही पळून जात नाही."

जागोजागी पाट्या असत. कुत्र्यांना बंदी, आग पेटवू नये, वाट सोडू नये. त्या मी तिला मोठ्याने वाचून दाखवत असे. पाट्या वाचायचे काम माझे आणि पाळायचे तिचे, अशी आमची वाटणी होती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आता दुर्वेकडे येतो. इथे गणपती येतो तेव्हा हिवाळा नुकता संपत असतो आणि दुर्वा सुकून तपकिरी पडलेली असते. भारतीय दुकानात मिळते ती पिशवीत घाम येऊन पिवळी झालेली. मैदानांवर उन्हाच्या बाजूला थोडी हिरवी सापडते, पण तिथे सकाळ-संध्याकाळ कुत्री फिरतात आणि जिथे कुत्र्याने पाय वर केला तिथली दुर्वा देवाला वाहायची हे तिला मान्य नव्हते. सून म्हणाली, "आई, धुऊन घेऊ ना." ती काही बोलली नाही, आणि ज्यांचे लग्न झाले आहे त्यांना कळेल की तो नकार होता.

युक्ती मला सुचली आणि त्या वेळी मला तिचा फार अभिमान वाटला. आमच्या वस्तीच्या पलीकडे एक कुंपण घातलेले राखीव माळरान आहे. वरून पाहता नुसती पडीक जमीन, पण मूळचे गवत टिकलेले आहे म्हणून जपलेली. फाटकावर मी स्वतः पाटी वाचली होती की कुत्र्यांना सक्त मनाई आहे. जिथे कुत्रे नाही तिथली दुर्वा शुद्ध. शिवाय त्या माळावर काळे दगड विखुरलेले आहेत, आपल्या दख्खनी दगडाचे सख्खे भाऊ शोभावेत असे. उन्हाने तापलेल्या काळ्या दगडाच्या कुशीत गवत थंडीतही हिरवे राहते, हे मला कालव्यांच्या कामावरून ठाऊक होते. गणपतीच्या आदल्या सकाळी आम्ही दोघे तिथे गेलो. माझा तर्क अचूक निघाला. वाटेपासून दहा-बारा पावलांवर एका मोठ्या दगडाच्या उत्तरेच्या, म्हणजे इथल्या उन्हाच्या, अंगाला तीन-तीन पानांची कोवळी दुर्वा पसरलेली होती.

मी वाट सोडून आत शिरलो. ती वाटेवरच थांबली.

"अहो, पाटी वाचलीत ना तुम्हीच? काही तोडू नका म्हणून?"

"ती त्यांच्या गवतासाठी आहे. हे आपलं गवत आहे."

"त्यांना कसं कळणार कुठलं कुणाचं?"

"तू मोजायला लाग. एकवीस की जास्त?"

"तुम्ही बाहेर या आधी," ती म्हणाली.

मी रुमाल भरला आणि वळलो तो समोरून नारिंगी जाकीट घातलेली एक बाई येताना दिसली. पन्नाशीची असेल. माळाची निगा राखणाऱ्या स्वयंसेवकांपैकी. मी चार ढांगांत वाटेवर आलो, पत्नीच्या हातात रुमाल दिला आणि म्हणालो, "धर जरा." तिने धरला. आयुष्यभर मी दिलेली वस्तू तिने आधी धरली होती आणि मग विचारले होते.

त्या बाईने हसूनच विचारले, "इथलं काही तोडायचं नसतं, माहीत आहे ना?"

यावर मी जे बोललो ते जसेच्या तसे लिहितो, कारण लिहिण्याचा हेतूच तो आहे. माझे इंग्रजी खात्यात वाखाणले जायचे. त्या चांगल्या इंग्रजीत मी म्हणालो, "मी हिला तेच सांगत होतो. पाटीही वाचून दाखवली. पण धार्मिक बाबतीत ही ऐकत नाही."

माझ्या पत्नीला इंग्रजी बोलायला संकोच वाटे. समजत मात्र सगळे असे.

बाईने रुमालात डोकावून पाहिले आणि ती मोठ्याने हसली. "हे? अहो, हे तर इथलं तण. आमचं डोकं उठवलंय याने. आम्ही दर महिन्याला उपटतो आणि पुन्हा येतं. हवं तेवढं न्या. नो वरीज." आणि ती निघून गेली.

म्हणजे दंड नव्हता, बोलणी बसणार नव्हती, काहीच नव्हते. खरे बोललो असतो तर त्या बाईने मला पिशवी भरून दुर्वा दिली असती. खोटे बोलायची जी काही गरज वाटली ती माझ्या मनातली होती. चौतीस वर्षे ज्याने दुसऱ्यांना नियम दाखवले तो माणूस नारिंगी जाकिटातल्या एका बाईपुढे चोर ठरणार होता, हे मला सोसवले नाही. पत्नी ठरली तर चालणार होते. परतताना ती माझ्याबरोबरच चालली. दुर्वा कोवळी आहे, एवढेच बोलली.

इथवरचे दोघांत राहिले असते. संध्याकाळी ती जमिनीवर वर्तमानपत्र पसरून दुर्वा निवडत होती आणि मुलाने विचारले, "अरे वा, कुठे मिळाली एवढी फ्रेश?" ती तोंड उघडील की काय या धास्तीने मीच सुरुवात केली. आज मी ज्या गोष्टीशी भांडतो आहे ती त्या संध्याकाळी मी रचली. चोरी, पकडणे, माझे "नको तोडूस", सगळे माझे. चांगली सांगितली. सून हसून हसून खाली बसली. नात, तेव्हा ती आठ वर्षांची होती, टाळ्या वाजवत म्हणाली, "आजी, यू आर अ थीफ!"

पत्नीने मान वर केली. माझ्याकडे नव्हे, नातीकडे पाहिले. "हो गं," ती म्हणाली, "धरलंच मला बाईंनी." आणि एकवीस मोजून जुडी बांधली.

म्हणून माझे कुणी मानत नाही. मुलाचा मुद्दा बिनतोड आहे: "बाबा, आईने स्वतः कबूल केलं होतं. मी तिथेच होतो." सून मृदू आवाजात म्हणते, "तुम्हाला त्यांच्यासाठी वाईट वाटतं, कळतं आम्हाला." म्हणजे मी खरे बोललो की तो माझा मोठेपणा ठरतो. इतकी वाईट शिक्षा मला ठाऊक नाही.

पुढच्या बुधवारी ती म्हणाली की गुडघा दुखतो आहे, तुम्ही जाऊन या. घरात आजही सांगतात की आईचे बुधवार गुडघ्यामुळे सुटले. गुडघा दुखत होता हे खरे. पण त्याच गुडघ्याने दोनच आठवड्यांपूर्वी ती डोंगरातल्या त्या पायऱ्या माझ्या आधी चढली होती. मी विचारले नाही. मी एकटा जात राहिलो, ताठ्याने, आणि परत येऊन तिला सांगत राहिलो की एल्मना पालवी फुटली, वटवाघळे उत्तरेकडे गेली. ती ऐकून घेई, "हो का" म्हणे आणि थर्मास धुवायला घेई. थर्मास ती मला न चुकता भरून देत होती. त्यात चहा दोघांपुरता असे. मी तो एकट्याने पीत असे आणि उरलेला झाडाच्या बुंध्याशी ओतत असे. दोन वर्षे असे बुधवार होते. कोणत्याही एका बुधवारी मी म्हणू शकलो असतो की चूक माझी होती, चल. वाक्य लहान होते.

ती गेल्यावर मी त्या माळावरच्या स्वयंसेवकांत नाव घातले. महिन्यातून एकदा गुडघ्यांवर बसून मी तण उपटतो. म्हणजे दुर्वा उपटतो. ती नारिंगी जाकीटवाली बाई अजून येते. एकदा चहाच्या वेळी मी तिला सगळे सांगितले. त्या दिवशी दुर्वा मी तोडली होती, माझी पत्नी वाटेवरून हलली नव्हती, मी तुमच्याशी खोटे बोललो. तिने भुवया आक्रसून आठवायचा प्रयत्न केला.

"सॉरी, मेट," ती म्हणाली. "मला खरंच आठवत नाही. खूप लोक येतात. तुम्ही नक्की इथेच होतात?"

यंदाच्या गणपतीला मुलाने गोष्ट सुरू केली तेव्हा मी पाहुण्यांसमोर उठून उभा राहिलो. "दुर्वा मी तोडली," मी म्हणालो. "तिच्या हातात नंतर दिली." मग मुलगा प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, चिल. इट्स अ क्यूट स्टोरी. आईलाही आवडायची." कुणीतरी मोदक पुढे केला.

नात आता बारा वर्षांची आहे. दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीच्या दाराशी आली आणि म्हणाली, "आजोबा, शो मी." मी तिला माळावर नेले, वाटेत सगळे सांगितले. दगड दाखवला, त्याची उन्हाची बाजू दाखवली. तिने वाटेपासून दगडापर्यंत पावले मोजली. अकरा.

"अँड आजी? ती कुठे उभी होती?"

मी जागा दाखवली. फाटकाची पाटी तिथून दिसते. ती त्या जागेवर जाऊन उभी राहिली, दोन्ही पाय वाटेवर ठेवून, आणि मला दगडाशी जाऊन उभे राहायला सांगितले. मी गेलो.

"आता बोला. तेव्हा बोललात तसं," ती म्हणाली.

मी परत वाटेवर आलो, तिच्या शेजारी उभा राहिलो आणि ती तीन इंग्रजी वाक्ये समोरच्या रिकाम्या वाटेकडे पाहून म्हटली. नात एका हाताच्या अंतरावर होती.

"शी हर्ड ऑल ऑफ इट," नात म्हणाली.

"हो," मी म्हणालो. "सगळं."

मग आम्ही घरी आलो.