अंगणवाडीतली गूळतुला

माझी मुलगी शुभा चार महिन्यांची असताना तिच्या दंडाला चिमटा घेतला तर हाताला नुसती कातडी लागायची, आणि नेमकी तेव्हाच सरकारदरबारी तिची नोंद ‘तंदुरुस्त’ अशी झाली. या पराक्रमात घरातल्या प्रत्येकाचा हात होता. माझाही होता. मूर्खपणात सून सासरच्यांपेक्षा मागे पडली असं मला कुणाकडून ऐकून घ्यायचं नव्हतं.

आम्ही तेव्हा चंदीगडला होतो. केंद्र सरकारच्या एका कचेरीत यांची बदली झाली होती. पद कारकुनाचं, चालणं सचिवाचं. पंजाबात तेव्हा रोज काहीतरी घडायचं. आज बंद, उद्या कर्फ्यू, चौकाचौकात वाळूची पोती आणि पोत्यांमागे बंदूकवाले. हे सगळं माणसाच्या अंगवळणी पडतं. पण मुल्लानपूरकडून सायकलला कॅन लटकवून येणारा आमचा दोधी, म्हणजे दूधवाला, बंदच्या दिवशी यायचा नाही आणि बंद उठल्यावरही भीतीपोटी घरीच बसायचा. शुभा दिवस भरायच्या आधीच झालेली, काडीसारखी. माझं दूध तिला पुरत नव्हतं आणि वरचं मिळत नव्हतं. ती भुकेने रडायची, तिच्याकडे बघून मी रडायचे, आणि हे खिडकीत उभं राहून कायदा आणि सुव्यवस्थेवर बोलायचे. (आम्हा दोघींपैकी कुणीही त्यांना प्रश्न विचारलेला नसायचा.)

बाळंतपणाला खरं तर माझी आई येणार होती. पण चंदीगडात दर कोपऱ्यावर बॉम्ब ठेवलेला असतो अशी पक्की खबर सांगलीला पोचली होती, त्यामुळे तिने पत्रातून आशीर्वाद पाठवले. आल्या त्या सासूबाई. बार्शीहून एकट्या, डिंक-खारकांचं गाठोडं घेऊन. वाटेत त्यांची आणि एखाद्या अतिरेक्याची गाठ पडली असती तर मला अतिरेक्याचीच काळजी वाटली असती.

त्यांनी आल्या आल्या परातभर डिंकाचे लाडू वळले. माझ्यासाठी. मग शेजारणींना आपल्याकडची चव कळायला नको का, म्हणून त्यातले वाटले. पोस्टमनला दिले. खाली पहाऱ्याला असलेल्या जवानांना दिले. बाळंतिणीपर्यंत पोचले ते डब्याच्या तळाचे चुरलेले. सासूबाईंच्या हातात कुठलीही खाण्याची वस्तू आली की ती समोरच्याच्या हातात गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. समोरचा घरचा असला तर मात्र पडत असे.

समोरच्या क्वार्टरमध्ये बलजीत राहायची. तिचा नवरा यांच्याच कचेरीत ड्रायव्हर होता आणि तिची मुलगी शुभाएवढीच होती. बलजीत शेजारच्या गावातल्या अंगणवाडीतून पंजिरी आणायची. पंजिरी म्हणजे तुपात भाजलेल्या कणकेत साखर घालून केलेला कोरडा, भुरभुरीत प्रकार. अंगावर पाजणाऱ्या आईला ती मिळायची, आणि मूल अशक्त निघालं तर दुप्पट पंजिरी, वर दुधाची पावडर. मुलाचं वजन करायचं की झालं. तिने मला चल म्हटलं तेव्हा मी नाक मुरडलं. मी बी.ए., नवरा केंद्र सरकारात, आणि मी त्या रांगेत उभी राहू? बलजीत म्हणाली, “शरम कैसी, भाभी? भूखी तो बच्ची है, आप थोड़ी हो.”

पुढच्या बंदला माझं नाक आपोआप सरळ झालं.

आता घरातल्या बाकीच्या नाकांचा प्रश्न होता. सरकारी माणसाने सरकारपुढे हात पसरायचा म्हणजे काय, असं यांनी विचारलं. शुभाने अशी किंकाळी फोडली की यांनी तत्त्व थोडं बदललं. हात पसरायचाच तर रुबाबात पसरायचा. म्हणून मदत मागायला जाताना यांनी लग्नातला सूट घातला. टायसकट. माझ्या मते जगात अन्न मागायला टाय लावून गेलेला हा पहिलाच माणूस असावा.

सासूबाईंची अडचण याहून मोठी होती. शुभा अशक्त जन्मली तेव्हा त्या तुळजापूरच्या आईला नवस बोलल्या होत्या की पोर तगली तर तिची गुळाने तुला करीन. तीही बरोबरीची नाही, सव्वापट. जन्मतःच दवाखान्यात वजन झालं ते वेगळं, ते देवाच्या आधीचं. पण नवस बोलल्यापासून पोर आईसाहेबांची झाली, आणि आईसाहेबांच्या आधी तिला दुसऱ्या कुणाच्या तराजूत बसवणार नाही.

“आई, तुळजापूरला जायला अजून वर्ष लागेल,” हे म्हणाले.

“मग वर्षाने कर वजन.”

“तोवर ती खाणार काय?”

यावर सासूबाईंनी रडणाऱ्या शुभाकडे बघितलं. मग स्वतःच तोडगा काढला. देवी सगळीकडे असते. तुला अंगणवाडीतच करायची, आधी देवीची आणि लगेच सरकारची. यांनी ताबडतोब मान डोलावली. मीही डोलावली, कारण मला दुधाच्या पावडरीपलीकडे काही दिसत नव्हतं.

अशी आमची वरात निघाली. पुढे सूट, मागे गुळाच्या ढेपींचं गाठोडं डोक्यावर घेतलेल्या सासूबाई, मग शुभाला घेऊन मी आणि मुलीला कडेवर घेतलेली बलजीत. नाक्यावर जवानाने गाठोडं सोडायला लावलं आणि ढेपी लोखंडी सळईने टोचून बघितल्या. इतका गूळ कशाला, असं त्याने विचारलं. हे इंग्रजीत सुरुवात करून हिंदीत उतरले आणि म्हणाले की बच्चीच्या वजनाचा आहे. जवानाने शुभाकडे बघितलं, गुळाकडे बघितलं आणि आम्हाला जाऊ दिलं. वेड्यांपासून देशाला धोका नसतो हे त्याला शिकवलेलं असावं.

अंगणवाडी म्हणजे एक खोली, भिंतीवर फळांची चित्रं आणि खाली फळं कधी न बघितलेली मुलं. तिथल्या बहेनजींचा सरकारी टांगता काटा मोडला होता, म्हणून त्या शेजारच्या किराणेवाल्याचा दोन पारड्यांचा तराजू आणायच्या. सासूबाईंना तेवढंच हवं होतं. त्यांनी तराजूला हळदकुंकू वाहिलं, एका पारड्यात दुपट्यासकट शुभाला ठेवलं आणि दुसऱ्यात गूळ चढवायला लागल्या. बहेनजी बघतच राहिल्या, तेव्हा गूळ बच्चीएवढा घालायचाय असं यांनी त्यांना सांगितलं. पारडी समान झाली तशी शुभा बेंबीच्या देठापासून ओरडली, मी तिला उचललं, आणि सासूबाईंनी हात जोडून वरचा पाव हिस्सा गूळ त्याच पारड्यात घातला. नवस फिटला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि, खोटं कशाला बोलू, माझ्याही.

मग बहेनजी म्हणाल्या, आता बच्चीला परत ठेवा, मी वजनं लावते. सासूबाई तराजूच्या आडव्या उभ्या राहिल्या. देवीला तुळलेलं लेकरू त्याच दिवशी पुन्हा काट्यावर चढत नाही. हा नियम त्यांनी आम्हाला घरी सांगितला नव्हता. बहुधा तो तेव्हाच झाला असावा.

तेवढ्यात दारात जीप थांबली आणि तपासणीला आलेल्या सुपरवायझरबाई आत शिरल्या. बहेनजींचा धीर सुटला. त्यांनी घाईघाईने पारड्यातला सगळा गूळ वजनांनी मोजला आणि तोच आकडा शुभाच्या नावापुढे टाकला. गूळ बच्चीएवढा आहे असं आम्हीच सांगितलं होतं ना!

सुपरवायझरबाईंनी आकडा वाचला. “अरे वाह, बच्ची तो बड़ी तंदुरुस्त है जी.”

खरं म्हणजे त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलंही. पण चार महिने सगळ्यांनी मला ‘किती बारीक ग’, ‘लागत नाही का अंगाला’ एवढंच ऐकवलं होतं. तंदुरुस्त हा शब्द माझ्या मुलीबद्दल पहिल्यांदाच कुणी काढला. माझी छाती अशी फुगली की मी म्हणाले, “थँक्यू जी.”

बलजीतने कपाळावर हात मारला तेव्हा मी भानावर आले आणि तो आकडा सव्वापट आहे म्हणून सांगायला लागले. मदतीला हे धावले. टाय सावरत त्यांनी नवस, देवी आणि पूर्णांक-अपूर्णांक यांवर असं काही भाषण दिलं की सुपरवायझरबाई त्यांना कचेरीतून आलेले बडे साहेब समजल्या आणि खुर्ची मागवायला लागल्या. मी त्यांना शुभाकडे नीट बघा म्हणत होते. त्या बघत होत्या माझ्या पाठीमागे.

मागे सासूबाई प्रसाद वाटत होत्या. गुळाच्या ढेपी फोडून मूठमूठ, सगळ्या मुलांना, सगळ्या आयांना, जीपच्या ड्रायव्हरला. “घे गं बाई, लाजू नको, आमच्यात काही कमी नाही,” असं मराठीत सांगत होत्या, पण दुर्दैवाने ते पंजाबीतही समजण्यासारखं होतं.

“बहनजी,” सुपरवायझरबाई मला हात जोडून म्हणाल्या, “आप तो देने वाले लोग हो.” आणि त्यांनी मदतीतून आमचं नाव खोडलं. बंदमुळे अंगणवाडीची साखर अडकली होती, म्हणून उरलेला गूळ त्यांनी आभार मानून ठेवून घेतला. यांनी टाय ठीकठाक करून तोही आनंदाने दिला.

त्या आठवड्यात गावातल्या सगळ्या आयांना गुळाची पंजिरी मिळाली. एक आई सोडून. बलजीतने आपल्या वाट्याची अर्धी पंजिरी मला आणून दिली, आणि पुढे दोधी नेमाने यायला लागेपर्यंत देत राहिली. त्यावरच शुभा तगली. पहिली वाटी मी सासूबाईंच्या नजरेआड, न्हाणीघरात उभी राहून खाल्ली, कारण त्यांनी पाहिली असती तर तीही वाटली असती. गूळ फारच जास्त झाला होता. पण बोलणार कुणाला? आमचाच होता.