गौहरबींचा खोकला

सासू म्हणून काळेवाडीच्या गौहरबींची ख्याती काही गोड नव्हती. भाजीत मीठ कमी पडलं तर एकदा ऐकवायच्या, जास्त पडलं तर दोनदा. पण रमजानात अशी सासू दिवा घेऊन शोधली तरी सापडली नसती. पाळीच्या दिवसांत बाईला रोजा नसतो, पण घरच्या पुरुषांसमोर जेवायचं कसं? मग गौहरबी स्वयंपाकघराचा पडदा ओढून दाराशी ठाण मांडत. नवरा, नूरमोहम्मद, तिकडे फिरकला की जोरात खोकत. आत सून नबीला निवांत चपाती-भाजी खाई.

यंदा महिना संपत आला, तरी खोकायची वेळच आली नाही. नबीला चाकणच्या कंपनीतून दमून येई, पण रोजा पक्का!

खरं कारण नबीलाला ठाऊक होतं. दुसरं मूल लांबवायला ती तीन महिन्यांचं इंजेक्शन घेत होती. ‘पाळी पुढेमागे होईल, बंदही होईल, घाबरू नकोस,’ असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पाळीला ती घाबरत नव्हतीच, घाबरत होती सासूला. आणि मुबीन, तिचा नवरा, सगळं माहीत असून तिच्याहून जास्त घाबरत होता.

रविवारी दुपारी गौहरबींनी तिच्यापुढे ताट सरकवलं.

“खा. दोन जिवांच्या बाईला रोजा माफ हाय.”

“अम्मी, तसं काही नाही.”

“मला शिकवती? ईदला शीरखुर्मा वाढताना सगळ्यांना सांगनार हाय मी.”

कंपनीच्या बसमधल्या निम्म्या बायका याच गल्लीतल्या. बातमी साहेबांपर्यंत गेली की यंदा नोकरीत कायम होण्याची आशा संपली. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

नातीचं नावसुद्धा गौहरबींनी मनात ठरवलं होतं. डोळे भरून आले.

“म्हंजी पाळी न्हाई, आन् पोरबी न्हाई?”

“नाही.”

“सोडलं की व्हतं?”

“होतं. जरा वेळ लागतो.”

गौहरबींनी पदराने डोळे पुसले, ताट बाजूला सारलं आणि पडदा ओढला.

“मोशीला दिलेल्या माझ्या लेकीला फोन लाव. पाचवं नको म्हनून रडत व्हती. सांग तिला, डाक्टरनीकडं जा म्हनावं. आन् तिच्या सासूला कळू देऊ नको. लई वंगाळ बाई हाय ती.”

नबीला पडद्याआड नणंदेशी बोलू लागली. बाहेर नूरमोहम्मदांच्या चपला वाजल्या आणि गौहरबी जोरात खोकल्या.