मामंजींची हजार वारांची बंदूक

मला पाहायला आलेल्यांपैकी एकाच माणसाने मला स्वयंपाक येतो का, हे विचारलं नाही. ते माझे होणारे सासरे. उमरेडच्या आमच्या घरी बैठकीत बसून त्यांनी आधी माझी मान न्याहाळली, मग कोपरापासून बोटांपर्यंत हात, आणि मग विचारलं, "कोणता डोळा मिटता येते वं तुले?" आई आतून जोरात खोकली. मी डावा डोळा मिटून दाखवला. "जमते," असं म्हणून त्यांनी पोह्यांची बशी पुढे ओढली.

हा गृहस्थ डोक्याने बरा आहे ना, याची वडिलांनी दुसऱ्याच दिवशी चौकशी केली. डोकं उत्तम होतं. नागपुरात सदरला त्यांचं बंदूक दुरुस्तीचं दुकान होतं, आणि माणूस दिसला की त्याच्या खांद्याला बंदुकीचा केवढा लाकडी दस्ता लागेल याचं माप मनात घेतल्याशिवाय त्यांना राहवत नसे. भटजींचंही घेत, डॉक्टरांचंही घेत. दुकानात गिऱ्हाईक आलं की ते आधी सतरंजी अंथरत. मालगुजार असो की गोरा साहेब, त्याने बंदूक धरून पालथं पडायचं. "शिंपी उभ्यानं माप घेते, मी झोपवून घेतो," असं ते सांगत. साहेबही निमूट पालथे पडत.

जन्मभर दुसऱ्यांच्या बंदुका दुरुस्त केल्यावर त्यांना एक स्वतःची करायची होती. शिकारीची नव्हे. हजार वारांवरचं, म्हणजे अर्ध्या मैलाहून लांबचं निशाण टिपणारी. तिचे भाग ते वर्षानुवर्षं एकेक करून निवडत होते. नळ्या किती तरी आल्या आणि परत गेल्या. उजेडाकडे धरून आत पाहायचे, मान हलवायचे, खाली ठेवायचे. शेवटी जी पसंत केली तिचं अंग बाहेरून देवीच्या व्रणांसारखं खडबडीत होतं. सासूबाईंनी नाक मुरडलं. मामंजी म्हणाले, "बाहेरून काय पाहाचं? गोळी आतून जाते." चाप असा घासला की तो कधी सुटला ते बोटाला कळू नये. दस्त्यासाठी अक्रोडाचे दोन तुकडे होते. एकावर सुरेख लाटा होत्या, दुसरा अगदी साधा, सरळ नसेचा. त्यांनी साधा घेतला. मी हसले असेन, कारण त्यांनी सासूबाईंकडे पाहून मला ऐकवलं, "एकेक चांगलं असून भागत नाही. एकमेकाच्या आड येऊ नये, येवढंच पाहाचं."

आमचं बोलणं हे असं चाले. सुनेने सासऱ्यांशी थेट बोलायची रीत नव्हती. त्यामुळे ओसरीवर मधे सासूबाई डाळ निवडत, आणि त्यांच्या अल्याड पल्याड आम्ही. माझ्याकडे काडतुसं निवडायचं काम आलं होतं. सराफी तराजूत तोलून सारख्या वजनाची एका डब्यात ठेवायची, हलकी-भारी बाजूला. ह्यांना बंदुकीच्या दारूच्या वासाने शिंका येत, म्हणून ते आगगाडीच्या कचेरीत चिकटले होते, आणि मुलगा सोडून सुनेशी बंदुकीचं बोलायची वेळ मामंजींवर आली होती. "तिले सांग, पितळेवर बोटाचा घाम लागू देऊ नको," हे सासूबाईंना. "त्यांना सांगा, मी फडक्याने धरते," हेही सासूबाईंनाच. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "मले काय तारघर समजून राहिले काय तुम्ही दोघं?"

बंदुकीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायची ती बारीक पट्टी, मामंजी पुन्हा पुन्हा बदलतात हे माझ्या लक्षात आलं. प्रत्येक नवी माशी आधीच्यापेक्षा जाड. मी सासूबाईंमार्फत कारण विचारलं. त्यांनी हातातली कानस खाली ठेवली. मग ते म्हणाले, "बारीक दिसून नाही राहिली." दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. जाड माशी निशाणच झाकून टाकते, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. डोळे पुरते जायच्या आत ही एक बंदूक पुरी व्हावी आणि तिची गोळी हजार वारांवर लागावी, एवढंच त्यांना हवं होतं.

म्हणून त्यांनी घाई केली. लोकांच्या बंदुकांचं लाकूड ते दिवाळीनंतरच नळीला बसवत. स्वतःचं त्यांनी भर वैशाखात बसवलं. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये उदबत्तीच्या पुड्याचा कागद सरकेल एवढीच फट ठेवली. "नळीले लाकडानं कुठंच शिवाचं नाही. शिवलं का गोळी बहकली."

श्रावणात उघडीप पाहून ते सक्करदऱ्याच्या तलावापलीकडे गोळ्या झाडून आले. जवळच्या निशाणावरसुद्धा एक इथे, एक तिथे. घरी आल्यावर बंदुकीला तेल लावलं, जुन्या धोतरात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. "झालं आता. डोळे गेले," म्हणाले. त्या आठवड्यात ते दुकानात गेले नाहीत. जेवत होते, पण काय वाढलं आहे ते पाहत नव्हते.

मला रडारड जमत नाही. शनिवारी देवघराचा खण उघडेना, मी लाथ घालणार होते, आणि तशीच थांबले. उन्हाळ्यात हाच खण आपोआप बाहेर येत असे. मी माळ्यावर चढले, बंदूक काढली, उदबत्तीच्या पुड्याचा कागद घेतला. तो फटीत शिरेना. फटच नव्हती. लाकडाने नळी आवळून धरली होती.

सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मी सरळ ओसरीवर गेले आणि सरळ त्यांच्याशी बोलले. "मामंजी, डोळे नाही बहकले. लाकूड फुगलं."

त्यांनी कागद स्वतः घालून पाहिला. मग कितीतरी वेळ दस्त्यावरून अंगठा फिरवत राहिले. "वैशाखात बसवलं मी," म्हणाले. "लोकाले शिव्या दिल्या असत्या. अन् डोळ्याले शिव्या देऊन राहिलो." थोड्या वेळाने, "काहून गेली माही अक्कल?" पण हे विचारताना ते हसत होते.

लाकूड त्यांनी दिवाळीनंतर नव्याने कोरलं, हाताच्या अंदाजाने. तोवर डोळे खरोखरच गेले होते. समोर माणूस आहे एवढं कळे, कोण ते आवाजावरून. एका सकाळी त्यांनी सासूबाईंना सांगितलं की नेम आता सून धरणार. सासूबाई म्हणाल्या, "सून आणली का शिपाई?" पण महिनाभर मी ओसरीवर बसून रिकाम्या बंदुकीने नेम धरल्यावर त्यांनीच दशम्या बांधून दिल्या.

हुडकेश्वराकडच्या उघड्या माळावर आम्ही बैलांच्या दमणीतून गेलो. समोर टेकडी, तिच्या पायथ्याशी गाडीच्या चाकाएवढा लोखंडी पत्रा. गावच्या पाटलांनी गुरं बाजूला हाकून ठेवली होती. मामंजींनी सतरंजी अंथरली, आणि मग दोघेही अडलो. सुनेने सासऱ्यांपुढे पालथं कसं पडायचं? ज्यांना काही दिसत नव्हतं, ते मामंजी माझ्याकडे पाठ करून बसले. मी पदर खोचला आणि पडले.

पहिली गोळी पत्र्याच्या पुढे मातीत गेली. धूळ कुठे उडाली ते मी सांगितलं. त्यांनी पाठमोऱ्यानेच हात मागे केला, मी बंदूक दिली, त्यांनी नेमाची मागची पट्टी चाचपून थोडी वर चढवली. दुसरी उजवीकडे गेली. पुन्हा हात, पुन्हा पट्टी.

तिसऱ्या वेळी काही क्षण नुसती शांतता. मग लांबून, अगदी बारीक, देवळातली घंटा कोणी नखाने वाजवावी तसा आवाज आला.

मामंजींची पाठ हलली नाही. मला वाटलं, ऐकू आलं नसेल. मी सांगणार, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "खांद्याले लागलं काय वं?"

लागलं होतं. मी नाही म्हटलं.

"मंग आनखी एक मार. मले पुन्हा ऐकाचं हाये."