वाटी बसली, म्हणजे बरी झाली

“काही नही व्हयेल तिले, बठ्ठं नाटक शे,” काकू जाळावरचं वांगं उलटताना म्हणाली. हळूच, पण मला ऐकू जाईल इतपत.

धुळ्याजवळ काकांच्या शेतात भरिताची पार्टी होती. सगळे सतरंजीवर मांडी घालून बसले होते आणि मी एकटी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, उजवा पाय पट्ट्यात सरळ ठेवून. थोरामोठ्यांपेक्षा उंच बसलेली पुतणी. लपायला जागाच नव्हती.

गुडघ्याची वाटी सरकली ती जळगावला, कॉलेजच्या जिन्यात. मी वळले, पाऊल मागेच राहिलं आणि वाटी बाहेरच्या बाजूला गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी पाय हळूहळू सरळ करत ती आत ढकलली. दुखणं एकदम उतरलं आणि आई म्हणाली, “बसली बाई एकदाची.” त्यापुढचं तिने ऐकलंच नाही. वाटीला आतल्या बाजूने धरून ठेवणारं लिगामेंट फाटलं होतं. ते भरून येईपर्यंत पट्टा, मग मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. मालिश नाही, ओढाताण तर नाहीच. पुन्हा सरकली तर ऑपरेशन करावं लागू शकतं, हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं.

आईने मात्र फोनवर सगळ्यांना एकच सांगितलं, की बसली. आणि आमच्याकडे बसली म्हणजे बरी झाली. मी समजवायला गेले की लिगामेंटला मराठीत काय म्हणतात इथेच अडायचे. तेवढ्यात कोणीतरी इंग्लिश मिडियमवरून टोमणा मारायचं, सगळे हसायचे आणि मी गप्प व्हायचे. घरी येऊन चिडायचे, तेही मनातल्या मनात.

जेवणाआधी आबा उठले. हे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. गावात कोणाचा पाय मुरगळला, पाठ धरली, तर आधी त्यांच्याकडे नेतात आणि लोकांना बरंही वाटतं. त्यांनी जाळाच्या कडेला तेल कोमट करायला ठेवलं होतं. सरळ ठेवून ठेवून पाय जखडलाय, असं त्यांचं म्हणणं. एक झटका दिला की पोरगी पंगतीत मांडी घालून बसेल. कोणी मला विचारलं नाही. काका म्हणाले, आता भावाच्या हळदीत नाचायला मोकळी.

आई खाली बसली आणि पट्टा सोडवू लागली. रोज आंघोळीनंतर तोच पट्टा ती किती जपून बांधायची. मी तिच्याकडे पाहत राहिले, पण तिने वर पाहिलं नाही. सगळ्या सासरच्यांसमोर आबांना नाही म्हणणं तिला जमणार नव्हतं, हे मला कळत होतं. त्याचाच जास्त राग येत होता.

आबांनी एका हाताने घोटा धरला आणि दुसऱ्या हाताचा तेलकट अंगठा वाटीच्या कडेला रोवला. पाय दुमडायला लागला तशी वाटी किंचित हलली. जिन्यात हललेली तशीच.

मी त्यांचं मनगट धरलं. आजवर मी फक्त त्यांच्या पायांना हात लावला होता, वाकून.

“आबा, सोडा. वाटी जागेवरच आहे. तिला धरून ठेवणारं आतून फाटलंय, ओढलं तर ती परत निघेल. आई, पट्टा बांध.”