राखेत गार केलेलं चक्र

पिंपरीत औषधांचा कारखाना उभा राहिला, तेव्हा आजूबाजूला धातूच्या ओतकामाच्या लहान फौंड्र्याही निघाल्या. त्यांतल्या एकीत मी साच्यांची वाळू तपासायला होतो. औषधवाल्यांना पंपात फिरणारी, पात्यांची स्टेनलेसची चक्रं हवी होती. ती आम्लात गंजायला नकोत आणि दणक्यानं तुटायलाही नकोत. त्यासाठी मालकांनी नवी भट्टी घेतली होती; चक्र जमलं तर ती आमच्या मिस्त्रींच्या हाताखाली राहणार होती. नाही जमलं तर मालक ती विकणार होते.

मिस्त्री चिखलीचे, लोहारकीतून भट्टीवर आलेले. पहिलं चक्र साच्यातून लाल असतानाच काढून त्यांनी राखेत पुरलं. पोलाद घाईत गार झालं की ठिसूळ होतं, हे त्यांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. चक्र तपासणीच्या हातोड्याखाली तुटलं. दुसऱ्या वेळी त्यांनी मिश्रणात निकेल वाढवलं आणि राखेचा थरही. तेही तुटलं. उरलेलं निकेल एकाच चक्रापुरतं होतं. या वेळी राख आधी तापवून घेतली, वरून पोती टाकली.

लेथवरचा कारागीर म्हणाला, "मिस्त्री, एवढं पांघरूण नका घालू. गुदमरंल बिचारं."

सगळे हसले, मिस्त्रीही. चक्र पूर्ण निवेपर्यंत त्यांनी कुणाला पोत्यांना हात लावू दिला नाही.

मग त्यावर हातोडा घातला, तर पात्याचा तुकडा उडून भिंतीवर आपटला. त्याच आठवड्यात भट्टी विकली गेली आणि मिस्त्री गावी परतले.

पुढे मी वर्तमानपत्रात लागलो. बातमीसाठी एका मोठ्या कारखान्यात गेलो असता तिथे तसलीच चक्रं पुन्हा लालभडक तापवून थेट पाण्याच्या हौदात सोडताना पाहिली. हे स्टेनलेस सावकाश निवलं तर आतून ठिसूळ होतं, असं तिथल्या माणसानं सांगितलं. आमच्या तिन्ही वेळच्या मिश्रणाचं प्रमाण मी त्याला सांगितलं. तिन्ही चालण्यासारखी आहेत, असं तो म्हणाला.

मी चिखलीला गेलो. मिस्त्री बैलगाडीचा आस घडवत होते. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "पान्यात? लाल असताना?"

"हो."

"मंग तिन्ही चांगलीच व्हती म्हना की."

त्यांनी तापलेला आस सांडशीनं उचलला, खड्ड्यात ठेवला आणि त्यावर राख ओढली. आसाचं पोलाद साधं होतं. त्याला राखच लागत होती.