माझं मृत्युपत्र आणि कबड्डीच्या पोरी

मी मृत्युपत्र केलं तेव्हा माझी तब्येत उत्तम होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर आमच्या घोटावड्यात यावर कुणाचाच विश्वास राहिला नाही.

झालं असं. आमच्या गावच्या कबड्डीच्या पोरी देवळापुढच्या पटांगणात सराव करायच्या. हल्ली तिथं मोटारी लागतात. पोरगी चढाईला निघाली की समोर कुणाचं तरी बॉनेट! त्यांना शिकवणारी संगीता एकेकाळी जिल्ह्याकडून खेळलेली. आता कारखान्यातली पाळी संपवून दमूनभागून येते आणि आधी गाड्यांचे मालक शोधत हिंडते. एकदा मला राहवलं नाही. म्हणालो, "पोरी, माझं रस्त्याकडचं भाताचं खाचर तुमच्या संघाला लिहून ठेवतो. माझ्या माघारी तितं खेळा."

तिचे डोळे भरून आले. मलाही स्वतःविषयी इतका आदर वाटला, की घरी जाताना मी जरा सावकाशच चाललो. (थोर माणसं भराभरा चालत नाहीत.)

पौडच्या वकिलाकडे साक्षीदार म्हणून बबनला नेलं. बबन माझा बालमित्र. त्याच्या पोटात जेवणसुद्धा नीट टिकत नाही, तिथं गुपित काय टिकणार?

"बबन्या, कुणाला बोलू नगंस."

"छ्या! मी कशाला बोलतोय?"

आणि खरंच, तो फार बोलला नाही. मी बाजारासाठी पौडलाच थांबलो, आणि परतताना भरल्या जीपमध्ये तो एवढंच म्हणाला, "तात्यानं मृत्युपत्र केलंय." कुणीतरी विचारलं, "का रं? काय झालंय त्येला?" त्यावर बबननं फक्त एक सुस्कारा सोडला. तेवढा पुरला!

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ओटीवर शहाळी येऊ लागली. "तात्या, लई वाळलाय वं," असं म्हणत माणसं माझा हात हातात घेऊन बसायची.

"वाळल्यात?" माझी बायको शालन आतून ओरडली. "परवाच प्यांटीचं बटान तुटलंय त्यांच्या!"

दुपारी कोळवणहून माझी थोरली बहीण, अक्का, जीपमधून उतरली तीच गळा काढत. मी नेमका कांदाभजी खात होतो. तिनं डोळे पुसले आणि शालननं तिच्यापुढं ठेवलेली बशीही माझ्याकडे सरकवली. "खा रं बाबा. आता जे मनात यील ते खा."

(मी खाल्ली. दुखवट्याच्या घरी अन्नाला नाही म्हणू नये.)

संध्याकाळी मात्र कहर झाला. भात निघालेल्या माझ्या खाचरात संगीता आणि तिच्या पोरी टेप लावून खुंट्या ठोकताना दिसल्या! मी धावत गेलो. मागून अक्का, शालन, बबन आणि शहाळी आणलेली निम्मी मंडळी.

"अगं, मी अजून जिता हाय!"

"व्हय ना तात्या," संगीता हळव्या आवाजात म्हणाली. "म्हणूनच म्हटलं, तुमच्या डोळ्यांदेखत आखून घ्यावं. तुमालाबी समाधान."

एक पोरगी समजुतीनं म्हणाली, "तुमी अजिबात घाई करू नगा, तात्या. आमची स्पर्धा शिमग्यानंतर हाय."

आता मात्र माझं टाळकं सरकलं. मी प्यांट गुडघ्यापर्यंत दुमडली. "मी आजारी हाय व्हय? थांबा! चढाई करतो. अडवून दावा मला!"

"कबड्डी... कबड्डी..." तिसऱ्या कबड्डीला माझा दम गेला. त्यांच्यातल्या सगळ्यात बारक्या पोरीनं माझा घोटा पकडला आणि उरलेल्या सहा जणी माझ्यावर आल्या. आजारी माणूस म्हणून एकेक करून, अगदी हळूच! मी उताणा पडलो आणि जरा श्वास घ्यावा म्हणून डोळे मिटले.

ती चूक झाली.

अक्कानं हंबरडा फोडला. बबननं टोपी काढली. "ग्येला माझा तात्या!"

संगीतानं छातीला कान लावला. "न्हाई, न्हाई, चालूय!"

शालन मात्र बांधावरूनच कडाडली, "उठा! जिता हायसा तवरच देऊन टाका की ही जागा. मेल्यावं पोरींचा खेळ बघायला येनार हायसा का तुमी?"

पडल्या पडल्या मला ते पटलं. या पोरी खेळताना बघायच्या, तर मरण हा त्यातला मोठाच अडथळा होता.

"देतो!" मी ओरडलो. "आत्ता देतो! पन आधी माझा घोटा सोडा!"

शिमग्याआधी बक्षीसपत्र झालं. आता रोज संध्याकाळी त्या खाचरात पोरी घुमतात आणि मी बांधावर बसून, स्वतः कधीही न पाळलेले नियम त्यांना ओरडून सांगतो. येणारेजाणारे विचारतात, "तात्या, रस्त्याकडची एवढी मोक्याची जागा दिलीच कशी हो?"

मी नम्रपणे मान खाली घालतो. "काय करनार? पोरींनी पायच धरले. न्हाई म्हनवंना!"