मायच्या खाटेवरचा स्लॅब

लोक मला घर तपासायला बोलावतात ते घर चांगलं आहे हे ऐकायला. या कामात पडल्यावर पहिल्याच वर्षी मला हे कळलं. आधी चहा येतो, मग कौतुकाने खोल्या दाखवतात, आणि मी छताकडे मान वर केली की घरमालकाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू आटतं. जळगावात राहून मी सोसायट्या, शाळा, दवाखाने, दुकानांचे गाळे असं बरंच काही ठोकून पाहिलं आहे. ठोकून म्हणजे खरोखरच ठोकून. हातोडीने टकटक केलं की धड काँक्रीट खणखणीत बोलतं आणि आतून सुटलेलं काँक्रीट बद्द वाजतं. परक्या लोकांनी कुरकुर करत का होईना, माझं ऐकलं. ऐकलं नाही ते माझ्या माहेरी, धुळ्याला.

ते घर नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी बांधलं. त्या वेळी गल्लीत नळाला पाणी नव्हतं, म्हणून सगळं बांधकाम बोअरच्या खाऱ्या पाण्यावर झालं. पुढे काय होणार याची सुरुवात तिथेच झाली असावी, पण घराला खरं खाल्लं ते गच्चीवरच्या तळ्याने.

धुळ्याचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला हे तळं सांगायला नको. इतरांसाठी सांगते. पावसाचं पाणी जायला गच्चीच्या कठड्याला खाली एक भोक असतं, त्यात पाईपचा तुकडा बसवलेला असतो. चैत्र लागला की नाना त्या पाईपात जुन्या लुगड्याचा बोळा कोंबायचे आणि नळी लावून गच्ची घोट्यापर्यंत भरायचे. स्लॅबवर पाणी उभं राहिलं की खालची खोली दुपारी सोसवेल इतकी तरी थंड राहते. आमच्या गल्लीत बरेच जण असं करायचे, पण नानांचा नेम कधी चुकला नाही, कारण खालची खोली मायची होती. तिचे गुडघे लवकर गेले. बाकीच्यांसारखं कुणाच्या गच्चीवर जाऊन झोपणं तिला जमायचं नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी तर तळं भरलेलं असायचंच, कारण लेकी सासरहून यायच्या आणि मायच्या खोलीत लोळायच्या.

लहानपणी त्या पाण्यात मी फतक फतक नाचले आहे. पुढे शिकले तेव्हा कळलं की गच्चीवरच्या कोब्याला बारीक चीर पडली की उभं पाणी तिथून खाली उतरतं, थेट सळईपर्यंत. सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि फुगली की तिच्या खालचं काँक्रीट ढकलून देते. नाना मायसाठी गच्ची भरत होते आणि तेच पाणी मायच्या डोक्यावरचं लोखंड खात होतं. याचा राग कुणावर काढायचा ते मला अजून समजलेलं नाही. नानांवर काढवत नाही.

नाना गेले. बोळा कोंबायचं काम धाकट्या भावाकडे आलं. बापाची बाकी कुठली रीत त्याने पाळली नाही, ही मात्र मनापासून पाळली.

त्या वर्षी आखाजीला तोच मुराळी होऊन मला न्यायला जळगावला आला होता. सासरहून लेकीला आणायला जातो तो आमच्याकडे मुराळी. रस्ताभर हसत-बोलत आलो. घरी नानांच्या नावाची घागर भरली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, नैवेद्य दाखवला. पुरणपोळी आणि रस खाऊन मी मायच्या खाटेवर आडवी झाले आणि सवयीने वर पाहिलं.

छतावर तपकिरी रेघा होत्या. एक असती तर मी कूस बदलून झोपले असते. पण त्या ओळीने, सारख्या अंतरावर, सरळ गेलेल्या होत्या, आणि अशा सरळ रेघा ओलीच्या नसतात, त्या सळईच्या असतात. हातोडी माझ्या पिशवीत कायम असते. नवरा त्यावरून मला चिडवतो. खाटेवर उभी राहिले आणि ठोकलं. बद्द. बाजूला ठोकलं. बद्द. पंख्याच्या हुकाजवळ नुसता हात लागला आणि वाटीएवढा लपका सुटून मायच्या उशीवर पडला. आत सळई दिसत होती, पापुद्रे सुटलेली, पेन्सिलीपेक्षा बारीक झालेली.

माय दारात उभी होती. उशी झटकून घेऊन गेली.

मी भावाला बोलावून दाखवलं. टेकू लावून हा स्लॅब आजच्या आज धरला पाहिजे, मायला इथून हलवलं पाहिजे, आणि स्लॅब पूर्ण उतरवून नवा टाकला पाहिजे, असं सांगितलं. आणि आधी वरचा बोळा काढ म्हटलं.

"अक्का, तुले बठ्ठा गावना घरं पडेलच दिखतस," तो म्हणाला. आमच्या अहिराणीत सगळं ते बठ्ठं. "नानानी बांधेल घर शे हाई."

मी म्हटलं, नानांनी बांधलं म्हणून गंज थांबत नाही. तो हसला. दुसऱ्या दिवशी मात्र हसत नव्हता. रात्रीतून त्याने विचार केला होता, की त्याला कुणी विचार करून दिला होता, ते माहीत नाही. चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "स्लॅब फोडा म्हंजे घर खाली करा. घर खाली व्हयनं की मंग वाटनी. समजस माले बठ्ठं."

मला आधी उमगलंच नाही तो काय म्हणतोय. मी त्याला सळई दाखवत होते आणि त्याला तिथे माझा हिस्सा दिसत होता. नाना गेल्यावर कागदोपत्री घरावर माझंही नाव लागलं होतं, हे मी विसरून गेले होते. तो विसरला नव्हता. आजवर माझ्या अहवालावर लोक तऱ्हेतऱ्हेने चिडले, पण छताला पडलेल्या चिरेतून मी घर लाटायला निघाले आहे असं मला कुणी सुनावलं नव्हतं. ते ऐकायला सख्खा भाऊ लागला.

मी ताडकन निघणार होते. मायने स्वयंपाकघरात ओढून नेलं. सांजोऱ्यांचा डबा भरता भरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "करी टाक सही, पोरी. त्याना जीव थंडा व्हई जाई."

आमच्याकडे बहिणी हक्क सोडतात. भाऊ साडीचोळी करतो, बहीण निबंधकाच्या कचेरीत जाऊन अंगठा किंवा सही करते, आणि माहेर गोड राहतं असं सगळे म्हणतात. मी शिकलेली, कमावती, लोकांना कायदा सांगणारी. पण मी हिशेब वेगळा केला. माझं त्या घरात काही उरलं नाही, तर माझ्या बोलण्यात त्याला काही दिसणार नाही, फक्त स्लॅब दिसेल. म्हणून मी सही केली. कचेरीच्या पायरीवरच त्याला म्हटलं, "आता माझं इथे काही नाही. आता तरी ऐक. टेकू लाव आणि मायला हलव."

त्याने साडी दिली, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाला, "हां अक्का, दिवाळी व्हऊ दे, बठ्ठं करी टाकू."

दिवाळीनंतर मोबाईलवर फोटो आला. मायच्या खोलीला पीओपीचं छत केलं होतं. मधोमध मोठं फूल, कडेने सोनेरी पट्टी, पट्टीच्या आत निळे दिवे. खाली विचारलं होतं, कशी झाली रूम? रेघा दिसत नव्हत्या. लपका पडलेली जागा दिसत नव्हती. तो सांगाडा टांगायला त्याच सडलेल्या स्लॅबला जागोजाग ड्रिलने भोकं पाडली असणार, हे मला फोटो बघताच दिसलं. हे सांगायला त्याला तिथल्या तिथे फोन केला. गंजलेल्या स्लॅबला टेकू द्यायचा सोडून त्याने त्यालाच ओझं टांगलं होतं. तो शांतपणे म्हणाला, "आते दिखस का काही? मंग?"

माझ्या कामात मी ही खोड फार पाहिली आहे. चीर दिसली की तिच्यावर पट्टी, ओल आली की टाईल्स, पोपडे सुटले की पीओपी. घराला काय होतंय यापेक्षा घर कसं दिसतंय याची लोकांना काळजी, कारण पाहुणे येतात, सोयरीक जुळवायची असते. परक्याच्या घरी मी हे अहवालात लिहून मोकळी होते. इथे खाली माझी माय झोपत होती. मी तिला जळगावला ये म्हणून किती विनवण्या केल्या. तिचं एकच. "जवाईना घर मी चार दिन येसू. कायमनं ऱ्हानं बरं नही दिखत." लोकांना कसं दिखतं, याचाच सगळीकडे प्रश्न.

पुढच्या चैत्रात भावाने नेहमीप्रमाणे बोळा कोंबला, गच्ची भरली. आखाजी जवळ आली होती. एका दुपारी फोन आला की छत खाली आलं.

जळगावहून धुळे काही लांब नाही, पण एरंडोल आणि पारोळा त्या दिवशी संपता संपेनात. फोनवर भाऊ नुसता "माय बरी शे, माय बरी शे" म्हणत होता. मला खरं वाटत नव्हतं. अशा वेळी लोक असंच सांगतात.

माय खरोखर बरी होती. ओट्यावर बसली होती, केसांत पांढरी धूळ. आत तिच्या खोलीत पीओपीचं फूल उलटं पडलं होतं, त्याच्यावर काँक्रीटचे लपके, पंखा, निळ्या दिव्यांची वायर, आणि या सगळ्यावर तळ्याचं पाणी. वर सळया उघड्या लोंबत होत्या. खाट मोडून जमिनीला टेकली होती. भाऊ नारळ घेऊन उभा होता. "देवनीच वाचाडं मायले," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. "नेमकी त्याच टाईमले ती बोळमा जाई बठनी."

मजघरातून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या अरुंद बोळात एक सतरंजी अंथरलेली मी पाहिली. उशी, पाण्याचा तांब्या, गुडघ्यांच्या तेलाची बाटली, जपमाळ. नेमकी त्याच वेळी येऊन बसलेल्या माणसाचं हे सामान नव्हतं. मी मायजवळ गेले आणि हळूच विचारलं.

"तुनी हातोडी वाजनी ना, तवयच माले समजनं," ती म्हणाली.

त्या आखाजीपासून ती त्या खाटेवर झोपलीच नव्हती. लेकाला वाईट वाटू नये म्हणून खाटेवर चादर घालून ठेवायची, त्याच्यासमोर घडीभर टेकायची, आणि तो गेला की बोळात येऊन पडायची. विचारलं तर वारा लागतो म्हणायची. त्याने हौसेने केलेल्या छताचं कौतुकही केलं होतं. माझा शब्द न् शब्द तिने खरा मानला होता आणि घरात कुणाला कळू दिलं नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता. ती जिवंत होती, आणि माझ्यामुळे होती. पण मला संताप आला, इतका की आवाज चढला. "मंग माले सही कराले कसाले लावी, माय? तुले माहीत व्हतं ना, मी खरं बोलस?"

तिने पदराने माझ्या हातावरची धूळ पुसली. "सही नही करती तू, तर त्यानी तुले दारमा उभी करी नसती. आखाजीले माले तू दिसाले पाहिजे, पोरी. घर काय, त्यानंच शे."

मी हातोडी काढली आणि बोळात गेले. सतरंजीवर उभी राहून वर ठोकलं. तोच स्लॅब होता, एकाच दिवशी ओतलेला, त्याच खाऱ्या पाण्याचा, त्याच तळ्याखालचा. बद्द वाजला. माय ओट्यावरून ऐकत होती. भावाला मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी लिहूनही दिलं: संपूर्ण घराचा स्लॅब धोकादायक आहे, खाली कुणी राहू नये. खाली सही केली, माझ्या शिक्क्यासकट. त्याने कागद नीट घडी करून खिशात ठेवला. तेव्हा मला वाटलं, निदान आता हा माणूस घाबरला.

त्याने मायची खोली तेवढी नवी केली. बाकीचा स्लॅब आहे तसा आहे. मायला त्या खोलीत झोपायची भीती बसली आहे, ती बोळातच झोपते.

यंदा आखाजी जवळ आली तरी मुराळी काही आला नाही. मीच फोन केला, की मी पोरांना घेऊन येते. तिकडून भाऊ म्हणाला, "अक्का, औंदा ऱ्हाऊ दे. तूच लिखी देयेल शे ना, घर धोकानं शे म्हनीसन. पोरंसोरं लईसन कसाले येस?"

मी विचारलं, माय कुठे आहे.

"बोळमा शे," तो म्हणाला. "निजनी शे."